विग घेताना आधी भांग बघा

आमच्या बाबांचा ड्रेपरीचा धंदा. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात जत्रेच्या नाटकांना कपडे, मुकुट, दाढ्या-मिशा आणि टोप, म्हणजे नाटकातले विग, ते पुरवायचे. पडवीत पत्र्याच्या दोन ट्रंका असत, एकीत राजे-ऋषींचे टोप आणि दुसरीत गंगावने. आम्ही भावंडे ती डोक्यावर चढवून पडवीभर नाचायचो आणि आईच्या शिव्या खायचो. त्यामुळे त्रेचाळिसाव्या वर्षी माझेच केस जायला लागले तेव्हा विगच्या बाबतीत आपल्याला कोण काय शिकवणार, असा माझा तोरा होता. पहिल्या दोन खरेदीत मिळून सव्वीस हजार रुपये पाण्यात गेले तेव्हा तो उतरला.

चूक साधी होती. बाबांचा टोप मांडवातल्या दहाव्या रांगेतून खरा वाटला की झाले. मी पतसंस्थेत काउंटरवर बसते. समोरचा माणूस हातभर अंतरावर, डोक्यावर ट्यूबलाइट, आणि पासबुकात नोंद करायला मान खाली घातली की त्याच्या डोळ्यांपुढे थेट माझा भांग. पहिला विग मी फोटो बघून ऑनलाइन मागवला होता. कमरेपर्यंत केस, काळेकुळकुळीत, भरगच्च. घालून बाहेर आले तर लेक म्हणाली, "आई, आता फक्त हातात तलवार घे." बाबा तेव्हा होते. त्यांनी विग हातात घेतला, केसांकडे पाहिलेसुद्धा नाही. भांग दोन बोटांनी फाकवला आणि म्हणाले, "खाली शिवण दिसते गो. हा स्टेजचा."

आता मला कुणी विचारले की मीही तेच सांगते. पण दुकानात जाण्याआधी एक फेरी डॉक्टरकडे मारा, कारण केस कशाने गेले यावर काय घ्यायचे हे ठरते. डेंगी, चिकुनगुनिया, बाळंतपण, मोठे ऑपरेशन यानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस गळतात. बाई घाबरून जाते, पण हे गळणे बहुतेक वेळा सहाएक महिन्यांत आपोआप थांबते आणि केस परत येतात. त्यासाठी चाळीस हजारांचा विग घेणे म्हणजे पावसाची सर आली म्हणून घरावर नवे छप्पर घालणे. थायरॉइड, रक्तातले लोह यांच्या तपासण्या करून घ्या. भांग वर्षागणिक रुंद होत चालला असेल तर तो प्रकार वेगळा, त्यावर औषधे आहेत आणि विगऐवजी टॉपर (डोक्याच्या वरच्या भागापुरता विग) पुरतो. टाळू चकचकीत दिसते आहे, आग होते आहे, कपाळावरची केसांची रेघ मागे सरकते आहे, असे असेल तर एक दिवसही थांबू नका. त्या आजारांत केसांचे मूळच मरते आणि मेलेले मूळ पुन्हा उगवत नाही.

माझी होती चाई. कानामागे रुपयाएवढा गुळगुळीत डाग, तेल लावताना लेकीच्या बोटाला लागला. दोन वर्षांत डोके, भुवया, पापण्या, सगळे गेले. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या त्वचा विभागात डॉक्टरीणबाईंनी समजावले की शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांना परकी समजते, तुम्ही काही खाल्ले-प्यायले म्हणून हे झालेले नाही. हे वाक्य मी घरी येऊन सासूबाईंना तीनदा ऐकवले, कारण त्यांच्या मते सगळा दोष शाम्पूचा होता. मोठ्या प्रमाणावरच्या चाईसाठी बॅरिसिटिनिब नावाच्या गोळीला अमेरिकेत २०२२ साली मान्यता मिळाली. ती प्रतिकारशक्ती दाबते, म्हणून रक्ताच्या तपासण्या आणि डॉक्टरांची नजर असल्याशिवाय घ्यायची नाही. मी घेतली नाही, तो माझा निर्णय.

किमोथेरपी सुरू होणार असेल तर विग आधी बघून ठेवा. बऱ्याच औषधांत पहिल्या डोसानंतर दोन-तीन आठवड्यांत केस जातात, आणि तेव्हा मुंबईची फेरी मारायची ताकद नसते. माझ्या मावसबहिणीने केस असतानाच त्यातली एक बट कापून कागदात ठेवली आणि स्वतःचा फोटो काढला, पुढून, बाजूने, मागून. दुकानदाराने बटेवरून रंग जुळवला. केस किमो संपल्यावर बहुतेक वेळा काही महिन्यांत परत येतात, त्यामुळे तिने मध्यम किमतीचा सिंथेटिक घेतला. तिचे अगदी बरोबर होते.

टॉपर म्हणजे टाळूच्या वरच्या भागापुरता केसांचा तुकडा, खाली जाळी आणि कडेला क्लिपा. माझ्या जाऊबाई तो वापरतात. घेताना विरळ भागापेक्षा जाळी सगळीकडून इंचभर मोठी हवी, म्हणजे क्लिप दाट केसांत बसते. त्यांच्या पहिल्या टॉपरची जाळी नेमकी विरळ भागाएवढीच होती. क्लिपा उरल्यासुरल्या अशक्त केसांना रोज ओढत राहिल्या आणि वर्षभरात विरळ भाग वाढला. क्लिपांची जागा अधूनमधून बदला, झोपताना काढा, आणि डोके दुखायला लागले तर क्लिप घट्ट नाही, जागा चुकली आहे असे समजा. चाईत मात्र टॉपरच्या भानगडीत पडू नये. आज जिथे क्लिप बसते तिथे पुढच्या महिन्यात केस असतीलच असे नाही.

आता पूर्ण विग. तो हातात आला की मी आधी उलटा करते. आतली टोपी बघायची. साध्या विगमध्ये केसांच्या लांब पट्ट्या मशीनवर शिवून एकाखाली एक लावलेल्या असतात, मध्ये फटी. हवा खेळते, स्वस्त पडतो, पण भांग एकाच जागी आणि तोही बनावट. दुसरा प्रकार मोनोचा. वरच्या भागात मलमलीसारखी झिरझिरीत जाळी आणि तिच्यात एकेक केस हाताने गाठ मारून ओवलेला. जाळीतून तुमची स्वतःची त्वचा दिसते, म्हणून भांग खरा वाटतो आणि हवा तिकडे पाडता येतो. तिसरा, पुढच्या कडेला लेस, म्हणजे झिरझिरीत जाळी, असलेला. केस मागे ओढून बांधायचे असतील तर लेस हवीच, नाहीतर कपाळावर टोपीची कड दिसते.

दुकानात करायची परीक्षा अशी. तळहातावर विग ठेवा, भांग पाडा आणि दारात उजेडात या. भांगाच्या खाली तळहाताचा रंग दिसला तर जाळी चांगली. काळे ठिपके ओळीने दिसले तर त्या गाठी आहेत, मग गाठी ब्लीच केलेल्या आहेत का ते विचारा. पांढरी किंवा काळी पट्टी दिसली तर विग परत द्या आणि चहा प्या. दुकानाच्या आतल्या पिवळ्या दिव्यांखाली कुठलाच निर्णय घेऊ नये. त्या उजेडात बाबांचे टोपही खरे वाटले असते.

आपल्या हवेसाठी माझी निवड म्हणजे वर मोनो, मागे उघड्या पट्ट्यांचा, पुढे लेस. पूर्ण टोपी हाताने विणलेली मऊ असते, हलकी असते, पण किंमत जवळपास दुप्पट. डोक्यावर एकही केस नसेल तर आतून सिलिकॉनची पकड असलेल्या टोप्या मिळतात, वाऱ्यात हलत नाहीत. मुंबईत एसी दुकानात मी एक घालून बघितली, फार आवडली. मग दुकानाबाहेर दहा मिनिटे उभी राहिले आणि मे महिन्यातला फोंडा आठवला.

चिकटवण्याच्या पॅचबद्दल मला जरा जास्त बोलायचे आहे, कारण ती माझी दुसरी चूक. एका पार्लरमध्ये टाळूवर गोंद लावून पॅच बसवून दिला, महिनाभर काढायचा नाही, पोहलात तरी चालेल, असे सांगितले. महिना होता जून. आठवड्यात घामाने कड सुटली, आत ओल राहिली, खाज सुटली, आणि काढला तेव्हा टाळू पातोळीच्या (हळदीच्या पानात उकडतात ती) पानासारखी वाफाळून निघाली होती. कोरड्या हवेच्या गावांत हे प्रकार चालत असतील. इथे पावसाळ्याचे चार महिने भिंतीला बुरशी येते तिथे रोज रात्री निघेल असाच विग हवा. चिकटवायचाच असेल तर कानाजवळ दोन बोटांएवढी टेप, तीही लग्नाकार्यापुरती, आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसभर लावून बघा.

केस खरे की सिंथेटिक? सिंथेटिक आता खूप सुधारले आहेत, धुतल्यावर त्यांचे वळण परत बसते, वजन कमी, मला सुरुवातीला मिळाले ते तीन ते आठ हजारांत. पण रोज घातले तर चार-सहा महिन्यांत मानेवरची टोके कॉलरला घासून काथ्यासारखी होतात. आणि त्यांना उष्णता सोसत नाही. नागपंचमीला पातोळ्यांच्या पातेल्यावरचे झाकण मी जोरात उचलले, वाफ तोंडावर आली, मी चेहरा मागे घेतला. आरशात बघते तर कपाळावरच्या बटांच्या शेवया झालेल्या. त्या कापाव्याच लागल्या. तेव्हापासून स्वयंपाकघरात विग नाही, सुती टोपी. ओव्हनचे दार, कुकरची वाफ, फोडणी, सगळ्याला हा नियम.

खऱ्या केसांचा विग नीट वापरला तर वर्ष-दीड वर्ष जातो. माझा सध्याचा चौदा इंची, अडतीस हजारांचा. "शंभर टक्के मानवी केस" या अक्षरांना मात्र भुलू नका, कारण त्यातही दोन जाती आहेत. एक, डोक्यावरून एकत्र कापलेले, मूळ एका बाजूला आणि टोक दुसऱ्या बाजूला. तिरुमलाला भाविक मुंडण करतात, ते केस देवस्थान लिलावाने विकते आणि तिथले लांब केस जगभर जातात. व्यापारी अशा केसांना रेमी म्हणतात. दुसरी जात गुंतवळाची. विंचरताना निघालेले केस गोळा करून त्याबदल्यात भांडी किंवा पैसे देणारे फेरीवाले तुम्ही पाहिले असतील. त्यात मुळे-टोके उलटसुलट मिसळलेली. केसाच्या अंगावर माशासारखी बारीक खवले असतात, ती उलटसुलट आली की एकमेकांत अडकतात, म्हणून आम्लात बुडवून खवले काढतात आणि वर सिलिकॉनचा मुलामा देतात. दुकानात हा विग सगळ्यांत जास्त चमकतो. चार-पाच धुण्यांत मुलामा जातो आणि तुमच्या हातात परत गुंतवळ येते.

ओळखायचे कसे? एक केस चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे बोटे ओढा, मग उलटी. खऱ्या रेमीत उलट्या बाजूने किंचित खरखर लागते, बांगड्याच्या अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवल्यासारखी, अर्थात फार बारीक. दोन्हीकडून काचेसारखा गुळगुळीत लागला तर शंका घ्या. सिंथेटिकची भेसळ आहे का बघायला दुकानदाराला विचारून एक सुटा केस जाळा. खरा केस जळक्या पिसासारखा वास मारतो आणि चुरा होतो, सिंथेटिक वितळून कडक मणी होतो. चांगला दुकानदार स्वतः काडेपेटी पुढे करतो.

रंगात आपल्या बायका हमखास चुकतात. जेट ब्लॅक घेऊ नका, तो नंबर एक असतो. आपले बहुतेकांचे केस वन-बी किंवा दोन नंबरचे, काळ्यात तपकिरी झाक असलेले. मी एक्कावन्न वर्षांची आहे, म्हणून कानशिलाजवळ थोडे पांढरे ओवून घेतले. त्याचे वेगळे पैसे पडले, पण गेल्या दोन वर्षांत "केस रंगवता का?" असे एकानेही विचारलेले नाही. दाटपणा टक्क्यांत सांगतात. दीडशे टक्के म्हणजे जाहिरातीतली बाई. चाळिशीपुढे शंभर ते एकशे वीस पुष्कळ झाले. लांबी खांद्यापर्यंत, त्याहून लांब केस मानेशी गुंततात आणि वजनाने विग मागे ओढला जातो.

माप घरी घ्या. शिवणकामाची टेप कपाळावरच्या केसांच्या रेघेवरून, कानांच्या वरून, मानेच्या खळगीतून गोल फिरवा. साडेएकवीस ते साडेबावीस इंच म्हणजे मध्यम. माझे एकवीस भरते, म्हणून लहान माप. आतल्या पट्ट्यांनी इंचभर कमी-जास्त होते, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. अजून थोडे केस असतील तर ते चापून बसवून मोजा, पुढे ते गेले की विग सैल होईल हेही धरून चाला.

गोव्यात बसून निवड फार मिळत नाही. मी कोकणकन्येने रात्री मडगावहून निघाले, सकाळी मुंबईत उतरले, तीन दुकाने पाहिली आणि दुसऱ्या रात्रीच्या गाडीने परत आले. सोबत लेक होती. नवऱ्याला नेऊ नका, हे पहिल्याच दुकानात "छान आहे, घे" म्हणतात आणि घड्याळ बघतात. डोक्याला लावलेला विग बहुतेक दुकाने परत घेत नाहीत, म्हणून तिथेच अर्धा तास घालून बसा. मान हलवा, वाका, पदर डोक्यावर घेऊन काढा. कानावर टोपीची कड टोचते का ते दहा मिनिटांनी कळते. आणि केस कापून आकार द्यायचा तो तुमच्या डोक्यावर असतानाच, थोडा थोडा. हे केस परत वाढत नाहीत, हे कापणाऱ्याला आधी बजावा.

हेल्मेटचा प्रश्न कुठलाच दुकानदार सांगत नाही, कारण त्यांच्या गिऱ्हाइकांना स्कूटर चालवावी लागत नसावी. फोंड्याच्या बाजारात मी स्कूटर लावली, हेल्मेट काढले आणि आतल्या वेल्क्रोला अडकून विगही त्याच्याबरोबर आला. भर दुपार, डोके लखलखीत. समोर फुलवाली बसली होती. तिने फुलांवरचे ओले फडके उचलले, उठून माझ्या डोक्यावर टाकले आणि म्हणाली, "कोणेंच पळोवंक ना गो बाये." (कुणीच बघितले नाही ग बाई.) सगळ्या बाजाराने पाहिले होते. आता मी स्कूटरवर सुती टोपी आणि वर स्कार्फ बांधते, विग डब्यात, डबा पिशवीत. सीटखालच्या डिकीत ठेवायचा नाही, तिथे उन्हात भट्टी होते. ऑफिसात पोचून आरशासमोर चार मिनिटे लागतात. सहकाऱ्यांना माहीत आहे. पहिल्या आठवड्यात कुजबुज झाली, मग ऑडिट आले आणि सगळे विसरले.

धुणे: खऱ्या केसांचा विग मी उन्हाळ्यात दहा दिवसांनी धुते, थंडीत तीन आठवड्यांनी. आधी टोकांकडून मुळांकडे गुंता सोडवायचा, मग बादलीत गार पाणी, सल्फेट नसलेला शाम्पू, विग बुडवून पाच मिनिटे ठेवायचा. चोळायचा नाही, पिळायचा नाही. पंच्यात गुंडाळून दाबायचा आणि स्टँडवर पंख्याखाली. कंडिशनर टोकांना, गाठींना कधीच नाही, गाठी सुटतात. जुलैत दोन दिवस सुकत नाही, म्हणून दुसरा साधा विग हाताशी हवाच. आतून टोपीला कुबट वास यायला लागला तर विग ओला घातला जातो आहे. आतली सुती किंवा बांबूची लायनर टोपी रोज बदलते, माझ्याकडे सहा आहेत. खोबरेल तेल विगला लावायचे नाही. हात सवयीने रविवारी वाटीकडे जातो, तेव्हा तेल टाळूला लावा आणि त्या दिवशी विग घालू नका.

राहिली फुले. आपल्याकडे हळदीकुंकवाला गेले की यजमानीण स्वतः तुमच्या केसांत फूल माळते, आणि पिन खोल खुपसते. माझ्या पहिल्या चांगल्या विगची मोनो जाळी अशीच बोटभर फाटली. आता मी आधीच म्हणते, "हातात द्या, मी माळते." मागच्या बाजूला, जिथे जाड पट्टी शिवलेली असते, तिथे काळ्या दोऱ्याची दोन लहान वेटोळी शिवून घेतली आहेत, कानाच्या रेषेत, चार बोटांच्या अंतरावर. पिन त्या वेटोळ्यातून जाते, जाळीला लागत नाही. म्हार्दोळच्या देवळात जायांच्या, म्हणजे जाईच्या फुलांच्या, पूजेला गेले होते तेव्हा जायांची फाती (गजरा) अशी माळली आणि दिवसभर टिकली. फुले ओली असतील तर आधी पंच्यावर टिपून घ्या. अबोलीचा वळेसर (घट्ट गुंफलेला गजरा) मात्र जड, तो वेटोळ्याला खाली ओढतो. त्यासाठी तिसरे वेटोळे मधोमध शिवायचे आहे, अजून झालेले नाही.